चार औंस पुढे असलेला काटा

मी एक जुना टपालाचा वजनकाटा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याआधी त्या मंगळवारी कोणाला काय मिळणार होतं ते मांडून टाकतो, कारण मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. स्टॅन्ली वॉयचिक या सदुसष्ट वर्षांच्या माणसाला मिळणार होतं स्वतःचं नाव छापलेलं एक पुस्तक, आणि ते दुकानाच्या काचेत पाहून बंद झालेलं मेहुण्याचं तोंड. लेनोर हॅस्केल बाईंना मिळणार होते त्या पुस्तकाच्या दर शंभर डॉलरांमागे दहा. बाईंच्या हाताखालच्या बर्निसला मिळणार होतं नेहमीचंच, म्हणजे काही नाही. आणि मला मिळणार होते चार औंस. ते मला रोजच मिळायचे, काही न करता.

माझा जन्म ओहायोतल्या एका ओतशाळेत झाला. ओतीव लोखंडाचं अंग, त्यावर हिरवा मुलामा, वर पत्र्याची थाळी आणि पुढे काचेखाली गोल तबकडी. न्यूयॉर्कला आलो तो एका लेस-बटणांच्या दुकानात. तिथे मी वीस वर्षं बटणं तोलली. दर मार्चमध्ये शहराचा वजनमापे निरीक्षक यायचा, आधी रिकाम्या थाळीकडे बघायचा, मग पितळी वजनं ठेवायचा, आणि सगळं जुळलं की माझ्या पाठीवर त्या वर्षाचा शिक्का चिकटवून जायचा. तेव्हा मी खरा होतो. त्याचं कौतुक करू नका. तपासणारा येत असला की खरं राहायला फारसं काही लागत नाही.

दुकान बंद पडलं आणि लेनोर बाईंनी मला तीन डॉलरना उचललं. त्यांची कचेरी सहाव्या मजल्यावर, खाली सगळे फरचे व्यापारी. बाई लेखकांच्या एजंट होत्या. लेखक लिहितो, प्रकाशक छापतो, आणि या दोघांनी एकमेकांचं तोंड बघू नये म्हणून मध्ये एजंट असते. इथे वजनावर काही विकलं जात नाही म्हणून निरीक्षक यायचा बंद झाला. विकलं बरंच काही जायचं. मी दाराशेजारच्या टेबलावरून ते पाहत होतो.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की पुस्तकांच्या सहवासात माझं आयुष्य धन्य झालं असेल. माझ्या थाळीत जे आलं ते पुस्तक नव्हतं, बाड होतं. बायको सोडून गेलेल्या माणसाची जीवनकहाणी सरासरी तीन पौंड भरते. निवृत्त सेनाधिकारी पाच पौंडांच्या खाली उतरत नाही. एका दंतवैद्याने स्वतःच्या मूत्रपिंडातल्या खड्यावर चार पौंड लिहिलं होतं आणि खडाही सोबत जोडला होता. प्रत्येकाच्या पत्रात एक वाक्य हटकून असायचं, की हे वाचून आमच्या घरच्यांना रडू आलं. मला ते सहज पटायचं.

यातही जे खऱ्या गोष्टींची पुस्तकं लिहितात त्यांची तऱ्हा निराळी. त्यांनी पूर्ण पुस्तक लिहून आणायचं नसतं. चाळीस पानांचा प्रस्ताव आणायचा: पुस्तक काय असेल, कोण विकत घेईल, यासारखी आधीची पुस्तकं किती खपली, आणि नमुन्याला एक प्रकरण. म्हणजे न शिवलेल्या कोटाची एक बाही दाखवून कोट विकायचा. गिऱ्हाईक सापडलं तर मग कापड आणायला जायचं. या धंद्यात याला रीत म्हणतात. लेसच्या दुकानात याला दुसरं नाव होतं.

आता माझी गोष्ट. लेखकाने बाड पाठवताना ते परत यावं म्हणून स्वतःच्या पत्त्याचं पाकीट आणि परतीची तिकिटं सोबत जोडायची असतात. नकाराचा टपालखर्चही ज्याला नकार मिळणार त्यानेच भरायचा. बर्निस येईल ते बाड माझ्यावर ठेवायची, तिकिटं पुरेशी आहेत ना बघायची आणि टिपून ठेवायची. टपालाचा दर पौंडावर होता, आणि सोळा औंसांचा एक पौंड. पाच पौंड चौदा औंस असेल तर सहाचा दर. सहा पौंड दोन औंस झालं की सातचा.

कचेरी समोरच्या खोलीत हलवली त्या दिवशी नकाशांचा एक खोका माझ्यावर पडला. काच शाबूत राहिली. पण थाळी रिकामी असतानाही माझा काटा चार औंसांवर उभा राहू लागला. थाळीच्या खाली एक स्क्रू आहे. त्याला अर्धा पिळ उलटा दिला असता तर मी जागेवर आलो असतो. बर्निसच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तिने बाईंना सांगितलं, काटा चार औंस पुढे आहे.

बाई मुळा खात होत्या. "कुणाच्या पुढे?"

"रिकामा असताना, बाई. लोकांना उगाच जास्तीची तिकिटं मागावी लागतात."

"मागितली की पाठवतात ना?"

"पाठवतात."

"असू दे."

एवढंच. मित्रांनो, मोठ्या लबाडीसाठी लोक जागरणं करतात, बेत आखतात. ही लबाडी दोन शब्दांत झाली, तोंडात मुळा असताना. तिकिटं कमी पडली की लेखकाला छापील कार्ड जायचं: आपल्या परतीच्या टपालात एका पौंडाची तूट आहे, कृपया तेवीस सेंटांची तिकिटं पाठवावीत. तिकिटं यायची. बाड मात्र आधीच्याच तिकिटांवर परत जायचं आणि पोचायचं, कारण टपालखात्याचा काटा खरा होता. जास्तीची तिकिटं बर्निस बिस्किटांच्या निळ्या डब्यात टाकायची. एकोणीस वर्षांत या कचेरीने स्वतःच्या टपालाला एक तिकीट विकत घेतलं नाही.

आणि सापडायचा कोण? बेफिकीर लेखक अंदाजाने दोन तिकिटं जास्तच लावून मोकळा व्हायचा. जो घरी नीट वजन करायचा, पौंडाची हद्द ओलांडू नये म्हणून पुठ्ठा काढून ठेवायचा, तोच नेमका माझ्या चार औंसांत अडकायचा. मला आधी वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं. इतकी काळजी घेणाऱ्यांपैकी एकानेही एकोणीस वर्षांत उलट टपाली लिहिलं नाही की अहो, माझं वजन बरोबर आहे. का लिहितील? तेवीस सेंटांसाठी एजंटला कोण दुखावणार?

अशा कचेरीत त्या मंगळवारी स्टॅन्ली वॉयचिक आले.

उंच, किंचित वाकलेले, तपकिरी टाय. एका काखेत खाटकाच्या सुतळीने बांधलेलं, परतीचं पाकीट आणि तिकिटं जोडलेलं बाड आणि दुसऱ्या हातात पांढरा पुठ्ठ्याचा खोका. बर्निसने नाव विचारलं. ते म्हणाले, "वॉयचिक. ग्रीनपॉइंटहून. अकराची वेळ दिली होती. मी पावणेअकराला आलो, कारण उशीर झाला तर काय."

बर्निस म्हणाली बसा. खोक्यात काय आहे?

"बायकोने खसखशीचा रोल दिलाय तुम्हा लोकांसाठी." ते बसले आणि खोका मांडीवर ठेवला. "पण काम व्हायच्या आधी दिला तर बरं दिसणार नाही. मी परत घेऊन जाईन."

बर्निस हसली. तिला वाटलं थट्टा आहे. तिने बाड घ्यायला हात पुढे केला, आणि त्या क्षणी या माणसाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाडाकडे नाही, रिकाम्या थाळीकडे. मित्रांनो, एकोणीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. ती सवय मी ओळखली. हा निरीक्षक होता.

त्यांनी पाहिलं की मी चार औंसांवर उभा आहे. मग बर्निसने बाड ठेवलं आणि मी सहा पौंड दोन औंस सांगितलं. त्यांचं तोंड उघडलं. घरी त्यांनी ते पाच पौंड चौदा औंस भरवलं होतं, हे मला त्यांच्या कपाळावर वाचता आलं. आता बोलतील, मला वाटलं. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "तो वजनवाला आला असेल तर पाठव. माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत."

वॉयचिकांनी तोंड मिटलं, टाय सरळ केला आणि आत गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

दार उघडंच असायचं, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. बाईंनी आधी बाडाची पानं विचारली. पाचशे त्र्याऐंशी, हे उत्तर ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. पूर्ण पुस्तक कशाला लिहिलं, प्रस्ताव पुरला असता. वॉयचिक म्हणाले की जे तयारच नाही ते विकायचं कसं, म्हणून पुरं केलं. बायकोने चर्चच्या टंकयंत्रावर दोन बोटांनी टाइप केलं, चौदा महिने लागले.

"एका वाक्यात सांगा," बाई म्हणाल्या. "पुस्तक कशाबद्दल आहे?"

"वजनात लोक कसे फसवतात त्याबद्दल. मी एकतीस वर्षं शहराचा निरीक्षक होतो."

"हा विषय झाला. पुस्तक सांगा."

पुस्तक कसं सांगतात हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी जे माहीत होतं ते सांगितलं. काउंटरखालून पायाने दोरी ओढणारा खाटीक. वजन होईपर्यंत गाडीतून न उतरणारा जाडजूड कोळसेवाला. आणि मठातल्या दोन जोगिणी, ज्या मुरंब्याच्या बाटलीच्या तळाशी मेण ओतायच्या. पकडल्यावर थोरली म्हणाली होती की मेण मेणबत्त्यांचं आहे, पवित्र आहे, गिऱ्हाइकाला उलट जास्तच मिळतंय. इथे बाई मोठ्याने हसल्या. त्या खऱ्या हसल्या की पेन उघडायच्या. पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज मला आला. वॉयचिकांनाही त्याचा अर्थ कळला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम तरुण झाला.

मग बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही काय घेतलं?"

"कशात?"

"अहो, एकतीस वर्षं खाटकांच्या दुकानात गेलात. कुणी पाकीट पुढे केलं नाही?"

"केलं. परत दिलं."

"दर वेळी?"

ते विचारात पडले. मग म्हणाले की एकदा नाताळात कुणीतरी दाराशी डुकराच्या मांसाचं हॅम ठेवून गेलं होतं, नाव नव्हतं, परत कुणाला देणार? ते त्यांनी मठात नेऊन दिलं.

"त्या मेणवाल्यांना?"

"हो. दंड भरला होता त्यांनी."

बाईंनी खुर्ची मागे रेलवली. ती खुर्ची करकरली की समोरच्याचं काही खरं नसायचं. "स्टॅन्ली, एक सांगते, राग मानू नका. प्रामाणिक माणसाचं पुस्तक प्रामाणिक माणसंसुद्धा विकत घेत नाहीत. वाचकाला तुमच्या खिशात हात घालायचा असतो. मला एक प्रकरण द्या ज्यात तुम्ही डोळे झाकले. एक पुरे. आणि पुस्तकाची सुरुवात त्यानेच करा."

"पण तसं कधी झालं नाही."

"आठवा. चाळीस पानं, तीन आठवडे. तसं प्रकरण आलं तर मी हे दोन महिन्यांत विकून दाखवते. नाही आलं तर ही पाचशे त्र्याऐंशी पानं तुमच्या मेहुण्याला वाचायला द्या."

मेहुण्याचं वॉयचिकच मघाशी बोलून गेले होते, की तो चारचौघांत त्यांना बटाटे मोजणारा म्हणतो. बाई असलं काही विसरत नसत.

ते बाहेर आले. बाड बाईंकडे राहिलं. खसखशीचा रोल त्यांनी खरंच परत नेला. माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबले. बर्निस समोर बसली होती, तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य गिळून ते निघून गेले.

बाईंना आता ते बाड नको होतं, म्हणून आठ दिवसांनी बर्निसने त्यांना छापील कार्ड टाकलं: एका पौंडाची तूट. मला वाटलं, आता मात्र हा माणूस येईल. त्याने पितळी वजनं वापरून तोललेलं बाड. एकतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना एकेका औंसासाठी दंड ठोकला तो. चौथ्या दिवशी पाकीट आलं. आत तेवीस सेंटांची तिकिटं, मेणकागदात नीट गुंडाळलेली, सोबत एक ओळ नाही. बर्निसने ती डब्यात टाकली आणि बाड आधीच्या तिकिटांवर परत पाठवलं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल मला त्यांची दया यायला हवी होती. मला किळस आली. बाई लबाड होत्या, पण त्यांनी कधी खरेपणाचा आव आणला नव्हता. मी खोटा होतो, पण ते न बोलता होतो. हा माणूस मला बरोबर ओळखून गेला आणि माझ्या खोटेपणाला स्वतःच्या खिशातून तिकिटं लावून गेला. कशासाठी? तर काचेत नाव दिसावं म्हणून.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. तोच टाय, हातात चाळीस पानांचं पाकीट आणि पुन्हा पांढरा खोका. बर्निस पाकीट माझ्यावर ठेवायला निघाली. ते म्हणाले, "ते राहू द्या. मी पोस्टाने पाठवत नाही, हातात देतोय."

बाईंनी तिथेच वाचायला घेतलं. त्यांची पद्धत होती, पहिलं पान मोठ्याने वाचायचं, म्हणजे लेखक समोर बसून घामाघूम होतो आणि पुढची घासाघीस सोपी जाते. त्यांनी वाचलं:

"एकतीस वर्षांत मी कुणाकडून काही घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा डोळे झाकले. त्याला आज तीन आठवडे झाले."

"वा," बाई म्हणाल्या. पेनाचं टोपण निघालं. "हे मी म्हणत होते ना? हे असं." आणि पुढे वाचू लागल्या. "दाराशेजारी टेबलावर एक हिरवा काटा होता. थाळी रिकामी होती आणि तो चार औंसांवर उभा होता. मी बोललो नाही, कारण आतल्या बाईंकडे माझं काम होतं." इथे त्यांचा आवाज हळू झाला. पुढचं त्यांनी मनात वाचलं, पण दोन वाक्यं ओठांतून निसटली. "बाड घरी आलं तेव्हा त्यावर मी नंतर पाठवलेली तिकिटं नव्हती." आणि मग, "माझी किंमत तेवीस सेंट होती, आणि तीही मीच भरली."

खाली फरवाल्यांची गाडी मागे घेण्याचा आरडाओरडा चालला होता.

"बर्निस," बाईंनी हाक मारली. "हा काटा पुढे आहे का?"

"हो, बाई."

"किती दिवस?"

"एकोणीस वर्षं. तुम्ही म्हणाला होतात, असू दे."

मित्रांनो, बाई ओशाळल्या असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही एजंट पाहिलेली नाही. त्यांनी पानं टेबलावर ठोकून सारखी केली, जशी विकायच्या वस्तूची करतात, आणि म्हणाल्या की हे त्यांनी दहा वर्षांत वाचलेलं सगळ्यात चांगलं पहिलं प्रकरण आहे. हे विकलं जाणार. चांगल्या भावाला जाणार. फक्त एक छोटा बदल. कचेरीच्या जागी मासळीचं दुकान करा, एजंटच्या जागी मासळीवाला. तिकिटांच्या जागी कोळंबी. नाव एखादं इटालियन.

वॉयचिक म्हणाले, "पण मासळीवाल्याने हे केलेलं नाही."

"कुणीतरी मासळीवाल्याने कधीतरी केलंच असेल की."

"केलं तेव्हा मी त्याला पकडलं. ते सातव्या प्रकरणात आहे."

बाई हसल्या नाहीत. "स्टॅन्ली, नीट ऐका. तुमची सही आणि तुमचं पुस्तक यांच्यामध्ये फक्त एक मासळीवाला उभा आहे. तो नाहीच आहे, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. तुमची बायको चौदा महिने दोन बोटांनी टाइप करत बसली, ते या एका शब्दासाठी वाया घालवणार?"

हा घाव वर्मी बसला. वॉयचिकांनी मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं, त्याच्या दोरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मी रिकामा उभा होतो, माझ्या चार औंसांवर, आणि खरं सांगतो, त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. म्हणजे माझं त्यांच्याबद्दलचं मत बरोबर ठरलं असतं.

"खऱ्या गोष्टींचं पुस्तक आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

"अर्थात."

"मग मासळीवाला नको."

"मग पुस्तकही नको," बाई म्हणाल्या आणि पानं त्यांच्याकडे सरकवली. इतक्या सहज, की जणू मिठाची बशी.

ते उठले. पानं पाकिटात घातली. दाराशी आल्यावर बर्निसला म्हणाले, "माझी तेवीस सेंटांची तिकिटं तेवढी परत हवीत."

बर्निसने निळा डबा उघडून समोर धरला. आतून बाई ओरडल्या, "सगळा डबा देऊन टाक त्यांना. वाटेत पुरून उरेल."

वॉयचिकांनी डब्यात बोट घातलं, एक वीसचं आणि एक तीनचं तिकीट काढलं, उजेडाकडे धरून तपासलं आणि पाकिटात ठेवलं. बाकीच्यांना हात लावला नाही. "ही दुसऱ्यांची आहेत," ते म्हणाले. मग खिशातून चाकू काढावा तसा एक आखूड स्क्रूड्रायव्हर काढला, माझी थाळी उचलली आणि अर्धा पिळ उलटा दिला. स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा एक ठिपका टेकवला. निरीक्षक तो टेकवतात, म्हणजे नंतर कुणी छेडछाड केली तर भेग दिसते. माझा काटा शून्यावर आला. एकोणीस वर्षांनी. काय वाटलं ते विचारू नका. घट्ट बूट घातल्यासारखं वाटलं.

"एरवी शहर याचे पैसे घेतं," ते बर्निसला म्हणाले आणि पांढरा खोका तिच्या टेबलावर ठेवला. "हे आता द्यायला हरकत नाही. काम झालं नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बर्निसला सांगितलं की काटा होता तसा करून ठेव. बर्निसने थाळी उचलली, लाल ठिपका पाहिला आणि थाळी पुन्हा ठेवली. म्हणाली, "तुम्ही करा, बाई." एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा असं म्हणाली होती. बाई खुर्चीतून उठल्या, स्क्रूकडे पाहत राहिल्या. तो कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायला कुणी उरलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, हे भंगार फेकून दे, विजेवरचा नवा मागव.

नवा आला नव्वद डॉलरांचा. निळ्या डब्यातली सगळी तिकिटं विकली असती तरी तेवढे जमले नसते. बाईंनी ते 'कचेरी खर्च' म्हणून आपल्या लेखकांच्या हिशेबात वाटून टाकले.

मला बर्निसने फेकलं नाही. तिने वॉयचिकांना फोन केला आणि ते येऊन मला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. आता मी ग्रीनपॉइंटच्या स्वयंपाकघरात असतो. हलिना, म्हणजे त्यांची बायको, माझ्यावर मैदा आणि खसखस तोलते. आणि महिन्या-दोन महिन्यांनी वॉयचिक चाळीस पानं नव्या पाकिटात घालून माझ्यावर ठेवतात. पहिलं प्रकरण तेच आहे, हिरव्या काट्याचं, मासळीवाला नसलेलं. पाच एजंटना पाठवून झालं, पाच ठिकाणांहून परत आलं. एकाने लिहिलं की लेखन प्रामाणिक आहे पण आमच्या धंद्याबद्दल गैरसमज पसरेल. मेहुणा दर रविवारी येतो, कोबीचं सूप पितो आणि स्टॅन्लीला घरच्या नावाने हाक मारून विचारतो, "काय रे स्टाशू, बटाट्यांचं पुस्तक निघालं का?"

परवा हलिना त्याच्या बशीत सूप वाढताना म्हणाली, "निघेल तेव्हा तुला विकत घ्यावं लागेल. फुकट मिळणार नाही." आणि मग नवऱ्याकडे वळून, "स्टाशू, बारावं पान पुन्हा टाइप करायचंय. त्यांनी त्यावर कॉफीचा कप ठेवून परत पाठवलंय."

मित्रांनो, मला आवडो न आवडो, माझ्यासारख्याने गोष्ट संपवताना काही सांगायचं असतं. सांगतो. काट्यावर काही ठेवण्याआधी तो रिकामा असताना कुठे उभा आहे ते बघा. पुढे असला तर त्याच दिवशी बोला. एखादं वाक्य लागतं आणि अर्धा पिळ. मी एवढंच सांगू शकतो, कारण माणसं सुधारतात असं माझ्या थाळीत कधी आलेलं नाही.

आणि हिशेब राहिला. लेनोर बाईंनी काही भरलं नाही. त्यांचे नव्वद डॉलर अशा लेखकांनी भरले ज्यांना ते कशाचे हेही ठाऊक नाही. निळ्या डब्यातली तिकिटं शेकडो काळजीवाहू माणसांनी भरली होती, तीही परत गेली नाहीत. बर्निसने एक न म्हटलेला "हो" भरला, स्वखुशीने. वॉयचिकांनी पुस्तक भरलं. पण पाचशे त्र्याऐंशी पानं, वर चाळीस, आणि कॉफीचं बारावं पान, हे सगळं दोन बोटांनी भरलं हलिनाने. ती त्या कचेरीत कधी गेलीच नव्हती.